पेढीची पाठ कोण पाहतो?

लक्ष्मी मिळविणे कठीण आणि ती राखणे त्याहून कठीण, हे वाक्य आपल्या व्यापारी घरांतून लहानपणापासून कानांवर पडत आलेले असते. मिळविण्याच्या विद्येसंबंधी आपल्या स्मरणिकेतून पुष्कळ लिहिले जाते. राखण्याच्या विद्येसंबंधी जे लिहिले जाते ते बहुधा कर, विमा आणि बँक यांच्यापाशी येऊन थांबते. पेढीचे दार, गोदामाची भिंत, छपराचा पत्रा, खिडकीचे गज हे विषय लेखणीच्या योग्यतेचे नाहीत, असे आपणांस वाटत असावे. परंतु तुकईथडसारख्या लहान गावी चाळीसहून अधिक वर्षे धान्याचा घाऊक व्यापार करताना जे पाहण्यात आले, त्यावरून मला निश्चित वाटते की, चोरीने बुडालेला व्यापारी बहुधा कुलपाच्या अभावी बुडत नाही; ज्या बाजूकडे त्याने कधी पाहिलेच नाही, त्या बाजूने तो बुडतो. म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे यंदा हाच विषय मांडण्याचे योजिले आहे.

आपली रीत अशी की, बाजारात कोठे चोरी झाली की दुसऱ्या दिवशी पाच-सहा दुकानांवर जाड, चकचकीत कुलपे दिसू लागतात. हल्ली त्यांच्या जोडीला कॅमेरेही लागतात. या दोन्ही वस्तूंविषयी माझी तक्रार नाही. परंतु कुलूप लागते ते पुढच्या दारास आणि कॅमेरा लागतो तो गल्ल्यासमोर, म्हणजे जेथे मालकाची दृष्टी दिवसभर असतेच अशा ठिकाणी. पेढीची पाठ, म्हणजे नाल्याकडची किंवा बोळाकडची भिंत, वर्षातून एकदा रंगसफेदीच्या वेळी पाहिली जाते, आणि तीही मजुराच्या डोळ्यांनी. मोडका झरोका पहिल्या आठवड्यात खुपतो, दुसऱ्या महिन्यात सवयीचा होतो आणि वर्षभरात तो मोडलेला आहे हे घरच्या कोणास आठवतही नाही. चोर मात्र नवखा असतो, म्हणून त्याला तो पहिल्याच फेरीत दिसतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे कथानक गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी घरांत परिचयाचे झाले आहे. त्यातील तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घरास भगदाड पाडतो, तो प्रवेश रसिक विनोदासाठी पाहतात. व्यापाऱ्याने तो अभ्यासासाठी पाहावा. हा चोर दाराकडे जातच नाही. तो हाताने भिंत चाचपीत जातो. सूर्यास नित्य अर्घ्य देताना सांडणाऱ्या पाण्याने एक जागा ओली राहून क्षाराने झिजली आहे आणि तेथेच उंदरांनी माती उकरून ढीग केला आहे, हे त्याच्या ध्यानात येते आणि तीच जागा तो निवडतो. भिंत पक्क्या विटांची, कच्च्या विटांची, मातीची की लाकडाची, यावरून ती फोडण्याची रीत ठरवावी, इतका त्याचा अभ्यास आहे. मापाची दोरी घरी राहिली तर गळ्यातील जानव्याने तो माप घेतो. आत शिरल्यावर तर मौजच होते. दागिन्यांचा करंडा ज्याच्याजवळ राखावयास दिलेला असतो तो मैत्रेय झोपेत बरळत स्वतःच्या हाताने तो करंडा चोराच्या हवाली करतो! घरच्या माणसांनी ती ओली जागा आणि तो उंदरांचा ढीग रोज पाहिला असणार. कोणास काही वाटले नाही. चोराने एकदाच पाहिला आणि त्याचे काम झाले.

पण मला त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. चोरीस गेलेले दागिने चारुदत्ताचे नव्हते. ती वसंतसेनेने विश्वासाने ठेविलेली ठेव होती. चारुदत्त जन्माने ब्राह्मण असला तरी सार्थवाहाच्या घराण्यातला, म्हणजे आपल्याच पंथातला मनुष्य. दागिने गेले यापेक्षा आपण खरे सांगितले तरी कोण विश्वास ठेवील, दरिद्री मनुष्यावरच संशय येणार, याचे त्याला दुःख होते. आणि अखेर त्याच्या पत्नीस स्वतःची रत्नमाला काढून द्यावी लागते. भिंत फुटली घराच्या मागे, आणि भरपाई आली घरच्या बाईच्या गळ्यातून.

आपल्या गोदामातील माल तरी सगळा आपला कोठे असतो? भाव येईपर्यंत शेतकऱ्याने विश्वासावर ठेविलेली सोयाबीन, मक्याची वा तुरीची पोती असतात. बँकेकडे तारण असलेली थप्पी असते. एखाद्या विधवेने मुलीच्या लग्नासाठी राखून ठेविलेला गहू असतो. हा माल गेला तर नुकसान आपल्या वहीत लिहिले जाते खरे, पण ज्याचा माल त्याच्या घरात त्या दिवशी काय घडते, ते वहीत येत नाही.

आणखी एका माणसाचे नुकसान होते, त्याच्याविषयी तर कोणीच बोलत नाही. आमच्या पंचक्रोशीतील एका बाजारगावी एका व्यापाऱ्याच्या गोदामातून दर महिन्यास तीन-चार पोती कमी भरू लागली. दार शाबूत, कुलूप शाबूत, कोठे फोडल्याची खूण नाही. तेव्हा संशय घ्यावयास उरले कोण? गोदामाची किल्ली ज्याच्या हाती असे तो हमाल. अकरा वर्षे इमानाने काम केलेला तो कोरकू गृहस्थ. त्यास काढून टाकण्यात आले. चोर म्हणून एकदा नाव पडल्यावर त्या बाजारात त्याला दुसऱ्या कोणी उभे केले नाही आणि तो कुटुंब घेऊन वीटभट्टीच्या कामास दूर निघून गेला. पोती कमी होण्याचे मात्र थांबले नाही. पुढे पावसाळ्यापूर्वी मागच्या भिंतीलगतची थप्पी हलविली, तेव्हा कळले की, खिडकीची लाकडी चौकट खालून वाळवीने पोखरली असून मधले दोन गज वर उचलले की अलगद हाती येतात व पुन्हा जागच्या जागी बसतात. थप्पी भिंतीस चिकटून असल्यामुळे आतून हे दिसण्याचा संभव नव्हता आणि बाहेरून नाल्याकडे कोणी जात नव्हते. व्यापारी भला होता. तो शोध काढीत त्या हमालाच्या नव्या ठिकाणी गेला, हात जोडले, परत येण्याची विनंती केली. तो आला नाही. चौकट बदलावयास त्या व्यापाऱ्यास जो खर्च आला, तो एका पोत्याच्या किमतीहूनही कमी होता.

गोदामातील भोक जेव्हा सापडत नाही, तेव्हा माणूस सापडतो. आणि तो बहुधा सर्वांत गरीब माणूस असतो. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याच्या अणुव्रतात स्वतः चोरी न करण्याबरोबरच चोरास साहाय्य न करणे व चोरीचा माल न घेणे हेही सांगितले आहे. जाणून केलेल्या साहाय्याविषयी ते बोलतात. पण वर्षानुवर्षे सडकी चौकट तशीच ठेवणारा मालक न जाणता कोणाचे काम सोपे करतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

कोणी म्हणेल, विमा आहे. विम्याचा कागद मी बारकाईने वाचला आहे व प्रत्येकाने वाचावा. घरफोडीच्या साधारण विम्यात, बळाचा वापर करून प्रवेश झाला असेल तरच भरपाई मिळते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात असाच निर्णय दिला की, ज्या विमापत्रात तशी अट आहे तेथे बळजबरीच्या प्रवेशाविना झालेली चोरी भरपाईस पात्र होत नाही. म्हणजे वरील व्यापाऱ्याप्रमाणे गज हातांनी निघत असतील, मागची कडी ओढताच उघडत असेल, तर माल गेला तो गेलाच. आपला ढिसाळपणा जितका मोठा, तितकी फोडल्याची खूण लहान.

आपल्याकडे मजबूत वास्तूचे उदाहरण द्यावयाचे झाले तर बुऱ्हाणपूरच्या उत्तरेच्या असीरगडाचे देतात. दक्षिणेचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. १६०० साली अकबराने त्यास वेढा घातला, तेव्हा आत दाणागोटा, पाणी, तोफा, कशाचीही वाण नव्हती. समोरून गड घेणे अवघड होते. अबुल फजलने अकबरनाम्यात लिहून ठेविले आहे की, मालई नावाच्या बाहेरच्या तटबंदीकडे जाणारी एक आडवाट कळली आणि रात्रीच्या काळोखात त्या वाटेने जाऊन, दोर लावून लोक आत उतरले. मुख्य गड पुढे जानेवारी १६०१ मध्ये हाती आला, तो तट फोडून नव्हे. बोलणीसाठी खाली आलेल्या बहादूरशहा फारुकीस अडकवून ठेविले होते, किल्ल्यात रोगराई माजली होती, आणि सोने वाटून किल्लेदार फोडल्याचेही लिहिणारे आहेत. यातील कोणते कारण किती खरे हे इतिहासकारांनी पाहावे. तटाची जाडी कोणी मोजलीच नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

हे जुने झाले म्हणाल, तर नवी मुंबईतील जुईनगरचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील बँक ऑफ बडोदाच्या शाखेत सोमवारी सकाळी कर्मचारी आले, तेव्हा ग्राहकांच्या सुमारे ३० पेट्या फोडलेल्या आढळल्या. पुढचे दार जसेच्या तसे होते. त्याच इमारतीतील एक गाळा काही महिने अगोदर भाड्याने घेण्यात आला होता, त्यात किराणा मालाचे दुकान थाटले होते, आणि त्या दुकानातून जमिनीखालून भुयार खणून चोरांनी थेट पेट्यांच्या खोलीची फरशी फोडली. लोखंडी दार होते, कॅमेरे होते. पायाखालच्या फरशीचा विचार कोणी केला नव्हता. केरळातील चेलेम्ब्रा येथे डिसेंबर २००७ मध्ये याच्या उलट घडले. बँक माडीवर होती. चोरांनी खालचे उपाहारगृह भाड्याने घेतले, दुरुस्ती चालू असल्याचा देखावा केला आणि छतास भोक पाडून वर शिरले. परदेशात बेल्जममधील अँटवर्प येथे, जेथे आपल्या समाजातील अनेक हिरे व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, फेब्रुवारी २००३ मध्ये हिऱ्यांच्या इमारतीतील शंभराहून अधिक पेट्या रिकाम्या झाल्या. तेथील मुख्य आरोपीने त्याच इमारतीत रीतसर कचेरी भाड्याने घेतली होती आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो तेथे सज्जन व्यापारी म्हणून ये-जा करीत होता. (तो पकडला गेला तो रस्त्याकडेला टाकून दिलेल्या कचऱ्यामुळे, त्यात अर्धवट खाल्लेला खाद्यपदार्थही होता. उष्टे टाकू नये असे वडीलधारी सांगत, त्याचा असाही उपयोग!)

या तिन्ही ठिकाणी चोर हा काही काळ शेजारी होता. आपल्या भिंतीपलीकडचा गाळा कोणी घेतला, तेथे कोणता व्यापार चालतो, आणि गिऱ्हाईक नसताना तो कसा परवडतो, एवढी चौकशी तरी आपण करतो काय? शेजाऱ्याकडे संशयाने पाहा असे माझे म्हणणे नाही. चहा घ्यावयास जावे. शेजारधर्मही होतो आणि भिंतीची पलीकडची बाजूही पाहून होते.

आता आपल्या धंद्यापुरते बोलू. धान्याच्या गोदामात कोठे काय राहून जाते, याचा मला जो अनुभव आहे तो सांगतो.

सर्वांत अधिक फसवणूक कडी-कोयंड्यात असते. दोन हजारांचे कुलूप ज्या कोयंड्यात अडकविलेले असते, तो चौकटीस अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंनी बसविलेला असतो, आणि त्या स्क्रूंची डोकी बाहेरून दिसत असतात. कुलपास हात लावण्याची गरजच काय? कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवून त्यांचे नट आतल्या बाजूस घ्यावेत आणि बाहेरची डोकी गोल, पान्यास न धरणारी असावीत. दार बाहेरच्या बाजूस उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळी बाहेर येतात व हातोड्याने ठोकून काढता येतात. त्यांची टोके वेल्डिंगने बुजवून टाकावीत. जुन्या पेढ्यांची जाड सागवानी दारे पाहून आपली छाती फुगते. पण त्यांतील कित्येक पल्ले खालच्या खोबणीत नुसते टेकलेले असतात व पहार लावून वर उचलले की चौकटीतून निघतात. शटराचे दोन्ही बाजूंचे कुलूप मजबूत असले तरी मधला भाग मोकळा राहतो, आणि चोर तेथेच पहार घालून पत्रा वाकवितात. मध्यभागी जमिनीत पक्का रोवलेला कडा व त्यास एक तिसरे कुलूप, एवढे केले म्हणजे ती वाट बंद होते.

छपराकडे तर कोणी पाहतच नाही. पत्रे हुकांनी कैचीस बांधलेले असतात व हुकांचे नट बाहेर, आकाशाकडे असतात. साधा पाना घेऊन वर चढलेला मनुष्य आवाज न करता चार नट काढतो. आणि वर चढण्याची सोय? ती आपणच करून ठेवितो. भिंतीस टेकलेली हातगाडी, रिकाम्या बारदानाचा ढीग, शेजारच्या कडुनिंबाची गोदामावर वाकलेली फांदी, पाण्याच्या टाकीची शिडी. नटांचे आटे ठोकून बसवावेत, पत्र्याखाली निदान तिजोरीच्या व किमती मालाच्या जागी तरी गजांची जाळी घ्यावी. फांदी छाटताना तीवर घरटे आहे की नाही हे पाहून मग छाटावी.

खिडकीच्या गजांविषयी वर आलेच आहे. त्यात एक भर. पोत्यातून नमुना काढण्याची जी पोकळ, टोकदार परखी असते, तशीच लांब नळी खिडकीच्या गजांतून आत घालून थप्पीतील पोत्यास टोचली की दाणा आपोआप बाहेरच्या पिशवीत वाहू लागतो. रात्रीतून पोते अर्धे होते आणि गज, कुलूप, चौकट सर्व जागच्या जागी असते. उपाय फुकटाचा आहे: थप्पी भिंतीपासून निदान दोन फूट दूर रचावी. तेवढ्या वाटेतून मनुष्य चालू शकतो, भिंत दिसते, ओल कळते, उंदरांची उकर कळते, औषध मारणेही सोपे होते. ‘जागा वाया जाते’ असे म्हणणारे सभासद मला ठाऊक आहेत. त्यांनी वर्षाची घट एकदा वेगळी मांडून पाहावी.

थप्पी मोजण्याची आपली पद्धतही अपुरी आहे. लांबी, रुंदी व उंची यांतील पोती मोजून गुणाकार करावयाचा आणि वहीत लिहावयाचे. बाहेरच्या रांगा शाबूत ठेवून मधली पोती काढून घेतलेली पोकळ थप्पी या गुणाकारात पूर्ण भरते! रचताना प्रत्येक थराची मोजणी करून खडूने खूण करावी आणि महिन्यातून एकदा कोणत्याही एका थप्पीचे, अगोदर न सांगता, वरचे दोन थर उतरवून पाहावेत.

झाडणीचे मातेरे ही लहान बाब वाटते, पण त्याच पोत्याच्या पोटात चांगला दाणा बाहेर गेल्याची उदाहरणे आहेत. रोज संध्याकाळी सर्वांसमक्ष मातेरे चाळून तोलावे आणि पांजरपोळास किंवा झाडणाऱ्या बायांस उघडपणे द्यावे. उघडपणे दिल्याने घेणाराची अब्रू राहते. वजनकाट्यावर रिकाम्या व भरल्या गाडीच्या वेळी चालक, जादा चाक, पाण्याचे पिंप हे सारखे आहेत की नाहीत ते पाहावे. हे सर्वांस ठाऊकच आहे.

किल्ल्यांचे मात्र मोठे प्रकरण आहे. दिवाणजी नोकरी सोडून गेला की त्याचा हिशेब होतो, निरोपाचा नारळ होतो, पण कुलूप तेच राहते. किल्लीस दोन तासांत जोड मिळते. ज्याच्या हाती किल्ली होती तो गेला की कुलूप बदलावे. यात त्याचा अपमान नाही. उलट पुढे काही घडले तर संशयातून तोच सुटतो. तिजोरीविषयीही असेच. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांच्या कामास आरंभ केला, पुढे तिजोऱ्या काढल्या, आणि एप्रिल १९४४ मधील मुंबई गोदीच्या भीषण स्फोटातही त्या तिजोऱ्यांतील चीजवस्तू शाबूत राहिल्याची ख्याती आहे. पण अशी तिजोरी आणून तिची किल्ली देव्हाऱ्यात मूर्तीमागे ठेवणारी घरे मी मोजू लागलो तर ही स्मरणिका पुरणार नाही. चोरही देवाच्याच पाया प्रथम पडतो! लहान तिजोरी जमिनीस बोल्टांनी जखडलेली नसेल, तर चार माणसे ती उचलून नेतात आणि सवडीने शेतात फोडतात.

कॅमेऱ्याचेही तसेच. चित्रे साठविणारी पेटी बहुतेक ठिकाणी गल्ल्याच्या वरच्या फळीवर, दिवा लुकलुकत असलेली ठेविलेली असते. चोर जाताना तीही नेतो. ती वेगळ्या, कुलूपबंद जागी असावी, तिचे घड्याळ बरोबर असावे, वीज गेली तरी ती चालावी. आणि पेटी भरली की जुनी चित्रे आपोआप पुसली जातात हे ध्यानात ठेवून शंका येताच ती काढून घ्यावीत.

वेळेचाही विचार हवा. पर्युषणात पेढी कोणत्या वेळी रिकामी असते, सगळे कुटुंब लग्नास वा मुक्तागिरीच्या यात्रेस कधी निघते, हे सगळ्या बाजारास ठाऊक असते. आता तर मुले वाटेवरूनच मोबाईलवर छायाचित्रे सर्वांस दाखवितात. छायाचित्रे परत आल्यावर दाखवावीत. तुकईथडच्या स्थानकावर खंडवा-अकोला मीटरगेजची गाडी थांबे, तेव्हा तेथे माणसांचा राबता असे. २०१७ च्या आरंभी ती मीटरगेज गाडी बंद झाली आणि त्या बाजूचा राबता ओसरला. आमच्यापैकी किती जणांनी त्या वेळी आपल्या मागच्या भिंतीचा नव्याने विचार केला? गाव बदलते, रस्ता बदलतो, नवा दिवा लागतो, जुना बंद पडतो. भिंत तीच असली तरी तिची राखण तीच राहत नाही.

येथे एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगतो. बंदोबस्ताच्या भरात आत झोपणाऱ्या माणसास बाहेरून कुलूप लावून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे एका इमारतीस आग लागून आत झोपलेले ४३ जण मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या आणि खिडक्यांना गज होते. पोती, सुतळी, बारदान यांनी भरलेल्या आपल्या गोदामांची अवस्था निराळी नाही. राखणदार आत असेल तर आतून, किल्लीवाचून उघडणारे दार असलेच पाहिजे. आणि ज्या गोदामात धान्यास औषधाच्या गोळ्या घातल्या आहेत, तेथे एक रात्रही कोणास झोपू देऊ नये. तो वायू मनुष्यास मारतो. अहिंसेचा उच्चार करणाऱ्या आपल्या समाजात याविषयी दुसरे मत असू नये.

आता प्रश्न असा की, जे सवयीने दिसेनासे झाले आहे ते दिसावे कसे? स्वतः पाहून ते दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही तिघा-चौघा व्यापाऱ्यांनी काही वर्षांपासून एक रीत पाडली आहे. आखाजीनंतर गव्हाची गर्दी ओसरली की, पावसाळ्यापूर्वी एके दिवशी आम्ही एकमेकांची गोदामे पाहतो. आपले आपण पाहावयाचे नाही. पाहणाऱ्याने दिवेलागणीस यावयाचे, पुढच्या दाराशी न थांबता प्रथम बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावयाची, आणि मनाशी एकच प्रश्न धरावयाचा: मला काही न फोडता आत जावयाचे असेल तर कोठून जाईन? मालकाने त्या वेळी एक शब्द बोलावयाचा नाही. हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. ‘ती खिडकी कधी उघडतच नाही’, ‘तिकडे कुत्रे असते’, ‘वडिलांच्या वेळेपासून असेच आहे’, ही वाक्ये ओठांवर येतातच. पाहणाऱ्याने कागदावर लिहून द्यावयाचे आणि महिन्याभरात दुरुस्ती झाली की नाही ते पुन्हा येऊन पाहावयाचे. जी दुरुस्ती पन्नास-शंभर रुपयांत होते ती प्रथम करावयाची. आणि खरे सांगावयाचे तर, निम्म्याहून अधिक त्याच किमतीच्या निघतात.

या फेरीत हमाल व राखणदार यांस बरोबर घ्यावे, असा माझा आग्रह आहे. काही मित्रांस हे रुचत नाही. नोकरास कच्चे दुवे दाखविणे म्हणजे चोरास वाट दाखविणे, असे ते म्हणतात. पण ती वाट त्याला आपल्या आधी ठाऊक असते, कारण मागच्या बाजूस तोच वावरतो. पहिल्या वर्षी आमच्याकडील एका वृद्ध हमालाने तीन जागा दाखविल्या. इतक्या वर्षांत सांगितले का नाही, असे विचारता तो म्हणाला, “शेटजी, मी सांगितले असते आणि उद्या तेथूनच माल गेला असता, तर तुम्ही मलाच धरले असते.” यावर आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. तेव्हापासून जो कोणी अशी जागा दाखवील, त्याचे नाव आम्ही दिवाळीस सर्वांसमक्ष घेतो व त्यास धोतरजोडी किंवा रोख बक्षीस देतो.

संघाने ही पाहणी सर्व गावांतील सभासदांसाठी योजावी, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे. चार-चार गोदामांचे गट करावेत. एका गावात चार नसतील तर शेजारच्या गावचे घ्यावेत. पाहणीचा कागद ज्याचा त्याच्याजवळ राहावा, संघाच्या दप्तरात त्याची नक्कल ठेवू नये. आमच्या सर्वांच्या कच्च्या दुव्यांची यादी एकाच कपाटात राहणे इष्ट नाही. तोपर्यंत ज्यांना आरंभ करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी माझे तुकईथडचे गोदाम खुले आहे. कोणत्याही दिवशी दिवेलागणीस यावे. अगोदर निरोप देण्याची गरज नाही. नाल्याच्या बाजूने यावे आणि येताना बॅटरी आणावी, कारण त्या बाजूचा दिवा मी मुद्दाम तुम्ही पाहून जाईपर्यंत लावणार नाही.